शीतलतेचा तपस्वी : विल्यम जिओक

बर्फ म्हटला की मला वडिलांची पाठ आठवते. ते बर्फाच्या कारखान्यात कामाला आहेत. खांद्यावर गोणपाट टाकून लाद्या वाहतात. आमच्या घरी पाणी गार होते ते मात्र माठातच. म्हणूनच, थंडीचा शोध घेण्यात आयुष्य वेचलेल्या एका माणसाची हकीकत ग्रंथालयात हाती लागली, तेव्हा कलाशाखेचा विद्यार्थी असूनही मी ती उभ्याउभ्याच वाचून काढली.

विल्यम फ्रान्सिस जिओक यांचा जन्म १२ मे १८९५ रोजी कॅनडातील नायगारा फॉल्स येथे झाला. आईवडील अमेरिकन. १९०८ साली वडील वारले, तेव्हा विल्यम अवघे तेरा वर्षांचे होते. शाळा संपल्यावर धबधब्यावरच्या वीजकेंद्रात नोकरी धरावी आणि पुढे विद्युत अभियंता व्हावे, हे त्यांचे स्वप्न. पण वीजकेंद्रांनी त्यांना घेतले नाही. मिळाली ती हूकर इलेक्ट्रोकेमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेतील नोकरी. तेथे दोन वर्षे काम करता करता त्यांना रसायनाची गोडी लागली, आणि १९१६ साली ते कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात दाखल झाले. १९२० मध्ये पदवी, १९२२ मध्ये डॉक्टरेट, आणि लगेच तेथेच अध्यापन. ते विद्यापीठ त्यांनी पुढे कधीच सोडले नाही.

जिओक यांना थंडीचा विक्रम करायचा नव्हता. त्यांना तपासायचा होता ऊष्मागतिकीचा तिसरा नियम. केवल शून्याजवळ जाताना पदार्थातील अव्यवस्था नाहीशी होत जाते, असे हा नियम सांगतो. तो खरा असेल, तर निव्वळ उष्णतेची मोजमापे घेऊन एखादी रासायनिक क्रिया घडेल की नाही, हे आधीच सांगता येईल. पण त्यासाठी केवल शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, शक्य तितके जवळ जायला हवे होते.

माठातले पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि ती आतली उष्णता घेऊन जाते. हॉलंडमध्ये कामरलिंग ऑनेस यांनी १९०८ साली हेलियम द्रवरूप केला आणि पुढे पंपाने त्याची वाफ ओढत ओढत ते केवल शून्यापासून एका अंशाच्याही आत पोहोचले. पण तेथे ही माठाची युक्ती थकली. हेलियमची वाफ जवळजवळ होईचना.

जिओक यांनी वाफेऐवजी चुंबकत्वाचा आधार घेतला. गॅडोलिनियम सल्फेटच्या स्फटिकात गॅडोलिनियमचा प्रत्येक अणू जणू एक इवलासा चुंबक असतो. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात, मधल्या सुटीतल्या वर्गासारखे. प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले की सारे एका दिशेला वळतात आणि ही शिस्त लागताना उष्णता बाहेर पडते. ती द्रवरूप हेलियमकरवी काढून घ्यायची. मग स्फटिकाचा भोवतालाशी संबंध तोडून चुंबकीय क्षेत्र हटवायचे. चुंबक पुन्हा विस्कटतात. पण विस्कटायलाही उष्णता लागते, आणि ती स्फटिकाच्या अंगातूनच घेतली जाते. स्फटिक आणखी गार होतो.

ही कल्पना १९२६ साली जगापुढे आली. पीटर डिबाय यांनाही त्याच सुमारास ती स्वतंत्रपणे सुचली होती. कल्पना कागदावर उतरली, पण प्रयोगाला सात वर्षे लागली. हेलियम द्रवरूप करायची सोय, चुंबकासाठी तारेचे मोठे वेटोळे, सारे उभे करावे लागले. इतक्या थंडीत नेहमीचे तापमापक मुके होतात. म्हणून त्या स्फटिकाच्याच चुंबकत्वावरून तपमान ओळखण्याची रीत बसवावी लागली. मधल्या काळात ते स्वस्थ बसले नाहीत. १९२९ साली जॉन्स्टन यांच्यासह त्यांनी ऑक्सिजनची १७ आणि १८ वस्तुमानांकांची समस्थानिके शोधली.

अखेर १९ मार्च १९३३ रोजी जिओक आणि त्यांचे विद्यार्थी मॅकडुगल यांचा प्रयोग यशस्वी झाला. पारा केवल शून्यापासून अर्ध्या अंशाच्या आसपास उतरला. लवकरच तो पाव अंशावर आला. १९४९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते संशोधन करीत राहिले. २८ मार्च १९८२ रोजी बर्कले येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची युक्ती आजही चालू आहे. २०२३ साली अवकाशात गेलेल्या ‘क्रिझम’ या क्ष-किरण दुर्बिणीतील एक उपकरण याच रीतीने गार ठेवले जाते. साध्या तपमानाला गॅडोलिनियम धातू वापरून असे शीतकपाट करता येते, हे १९७६ साली दाखवले गेले. तेव्हापासून त्यासाठी नवनवे पदार्थ शोधले जात आहेत; घरोघरी मात्र ते अजून पोहोचलेले नाही.

ही सारी हकीकत मी वडिलांना सांगितली. त्यांनी एकच विचारले, उष्णता मारली की नुसती हलवली? नुसती हलवली, असे मी म्हणताच ते हसले. कारखान्यातही तसेच असते, आत लादी धरते तेव्हा बाहेरचे नळ तापतात, हे त्यांनी मला समजावले. पुस्तकात मला दोनदा वाचावे लागले ते त्यांना हाताच्या स्पर्शाने ठाऊक होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. यंदा घरी माझ्या नोकरीची बोलणी सुरू आहेत आणि कदाचित तिसऱ्या वर्षाआधीच मला कामाला लागावे लागेल. तसे झालेच, तर कारखान्यातली ती दोन वर्षे मी आठवीन. जिओक तेथून पुस्तकांकडे आले होते. मलाही यायचे आहे.