बालकृष्ण, कारकून आणि मग खाँसाहेब: वसंतराव देशपांडेंच्या हिट गाण्यांमागची गोष्ट

मुंबईहून खोपोलीकडे निघालात की वाटेत खालापूर तालुक्यातलं महड लागतं. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं गाव. 1979 साली आलेल्या 'अष्टविनायक' सिनेमातल्या जगदीश खेबूडकरांच्या गाण्यानं आठही गणपती घराघरात नेले, त्यात हे महडही आलं. सिनेमा सचिनचा म्हणून ओळखला जातो. पण त्यातले नायिकेचे वडील आठवतायत? मुलीच्या पाठवणीला गाणारे?

'दाटून कंठ येतो' आजही लग्नाच्या व्हिडिओंवर चिकटवलं जातं. ते स्वतः गाणारा आणि पडद्यावर साकारणारा माणूस एकच, पंडित वसंतराव देशपांडे.

आता कुठल्याही अ‍ॅपवर त्यांचं नाव टाका. सर्वोत्तम गाण्यांचा अल्बम लगेच समोर येतो. वा. रा. कांतांची कविता आणि श्रीनिवास खळेंची चाल असलेलं 'बगळ्यांची माळ' त्यात असतं. 'कट्यार'मधली पदं असतात, दीनानाथ मंगेशकरांनी गाजवलेली जुनी नाट्यपदं असतात. सगळं एका रांगेत. ते ऐकून वाटतं, हा माणूस जन्मभर गातच होता आणि लोक ऐकतच होते.

तसं अजिबात नव्हतं.

वसंतरावांचा जन्म 2 मे 1920 चा, विदर्भातल्या मूर्तिजापूरचा. आई नवऱ्यापासून वेगळी झाली आणि नागपुरात तिनं एकटीनं मुलाला वाढवलं. 1920 च्या दशकात हे किती अवघड असेल, याचा फक्त अंदाज करता येतो. तशातही तिनं मुलाचं गाणं सुटू दिलं नाही. तो शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकायला लागला.

मग भालजी पेंढारकरांची नजर या पोरावर पडली. 1935 च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी त्याला थेट कृष्ण केलं. त्या काळात बोलपटात काम करायचं तर गाता यायलाच हवं, कारण प्लेबॅकची पद्धत अजून रुळायची होती. म्हणजे प्रेक्षकांसमोर हा मुलगा आधी नट म्हणून आला. मैफलीतला गवई फार नंतर.

बालकलाकारांचं पुढे बहुतेकदा जे होतं तेच झालं. कृष्ण मोठा झाला आणि सिनेमा पुढे निघून गेला.

मधल्या काळात मामांबरोबर लाहोरला जाणं झालं. तिथे उस्ताद असद अली खाँ यांनी त्यांना फक्त एक राग शिकवला, मारवा, असं सांगितलं जातं. एकच राग कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मारवा मोठा चकवा देणारा राग आहे. त्यात पंचम नाही आणि षड्ज, म्हणजे ज्या सुरावर गवई टेकतो तोच सूर, सतत टाळत राहावा लागतो. टेकायची जागाच काढून घेतली तर गळा काय करेल? वसंतरावांची पुढची सगळी गायकी ऐकताना मला हाच प्रश्न आठवतो. ताना कुठून निघतील आणि कुठे उतरतील, काही भरवसा नाही.

पुण्यात ते सुरेशबाबू मान्यांकडे शिकले. मनात मात्र दीनानाथ होते. तेही नट आणि गवई, तेही सुरांची वाट अचानक बदलणारे.

अडचण इथेच होती. एक गुरू, एक घराणं, वर्षानुवर्षांची तालीम असा हिशेब मागणाऱ्या जगात या माणसाकडे दाखवायला एक नाव नव्हतं. थोडं इथलं, थोडं तिथलं. जाणकारांनी नाकं मुरडली. आणि घर तर चालवायचं होतं. म्हणून मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी धरली. ती दोन-चार नाही, तब्बल 24 वर्षं चालली. एकदा तर बदली थेट नेफात, आजच्या अरुणाचलच्या भागात झाली. गाणं उरलेल्या वेळात. जिवलग दोस्त पु. ल. देशपांडेंच्या 'गुळाचा गणपती'मध्ये (1953) त्यांचा आवाज आहे, मित्रांच्या मैफलीत ते तबल्यालाही बसायचे. पण महिन्याच्या एक तारखेला पगार आकडेमोडीचा.

1960 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ही नोकरी सोडली. वय पंचेचाळीसच्या आसपास. आजच्या भाषेत सांगायचं तर फिक्स पगार सोडून पूर्णवेळ फ्रीलान्सिंग. तेही शास्त्रीय गाण्यात.

1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत. गोष्ट दोन घराण्यांच्या वैराची. विद्या कुणाची, ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, यावरून झुरणारी माणसं. ज्याला घराणं नाही म्हणून बाजूला ठेवलं, त्याच गवयानं घराण्याच्या अभिमानानं पेटलेला खाँसाहेब उभा केला. 'घेई छंद' हे पद त्यांच्या तोंडी इतकं फिट्ट बसलं की पुढे ते गाणाऱ्या प्रत्येकाची तुलना त्यांच्याशीच झाली.

माझ्या मते लोकांनी त्यांना स्वीकारलं त्यामागे नटाचा मोठा हात आहे. मैफलीत विचित्र वाटणारी एखादी तान खाँसाहेबाच्या रागाची किंवा अहंकाराची म्हणून आली की समोरच्या प्रेक्षकाला ती कळायची. त्याला रागाचं नाव माहीत नसलं तरी.

हिट गाण्यांच्या अल्बममध्ये हे सगळं चपटं होतं. कंपनी आपल्याकडच्या ध्वनिमुद्रिकांमधून छोटी, ओळखीची गाणी निवडते. नाटकात वन्समोअर घेत रोज वेगळं होणारं पद तिथे काही मिनिटांत संपतं आणि तासभर रंगणारा राग तर यादीत बसतच नाही. शिवाय अनुक्रमही पुसला जातो. 'कट्यार' आलं तेव्हा वसंतराव 47 वर्षांचे होते आणि 'अष्टविनायक'च्या वेळी 59 वर्षांचे, हे प्लेलिस्ट सांगत नाही.

1982 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. 30 जुलै 1983 रोजी ते गेले, वय 63. नोकरी सोडल्यानंतर पूर्णवेळ गाण्यासाठी मिळाली ती वर्षं विशीलाही पोहोचत नाहीत.

2015 मध्ये 'कट्यार'वर सिनेमा आला. खाँसाहेब झाले सचिन, म्हणजे 'अष्टविनायक'मधले त्यांचे जावई. आणि खाँसाहेबांसाठी गायले वसंतरावांचे नातू, राहुल देशपांडे. हे राहुल 2022 च्या 'मी वसंतराव'मध्ये स्वतःच आजोबा होऊन पडद्यावर आले आणि त्याच सिनेमातल्या गाण्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.