दोन टेन्सरची बेरीज आणि पुण्यात बसून १९४३ साली त्यामागचं मोठं गणित मांडणारे कोसंबी

पायटॉर्च शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक सोपं काम मिळतं. दोन टेन्सरची बेरीज करायची.

टेन्सर म्हणजे इथे आकड्यांचा तक्ता. समजा, अक्कलकुवा, तळोदा आणि धडगावचा आठवडाभराचा पाऊस एका तक्त्यात मांडला. ओळीत गाव, रकान्यात वार. पुढच्या आठवड्याचा दुसरा तक्ता. बेरीज करताना अक्कलकुव्याचा सोमवार अक्कलकुव्याच्याच सोमवारात मिळवायचा. म्हणून इथे दोन्ही तक्ते एका मापाचे लागतात.

आता प्रश्न उलटा करा. एखादा किचकट तक्ता मोजक्या साध्या तक्त्यांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? मोबाईलमधला फोटोसुद्धा आकड्यांचा तक्ताच असतो. सरासरी चेहरा घ्यायचा, त्यात एक नमुना थोडा, दुसरा जरा जास्त मिळवायचा, की हजारो आकड्यांचा चेहरा थोडक्या आकड्यांत बसतो.

या विचाराच्या मुळाशी असलेलं गणित १९४३ साली मांडलं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी.

बहुतेकांना ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पण पोटापाण्याचा त्यांचा धंदा गणित शिकवण्याचा.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातल्या कोसबेनचा. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक. त्यांच्याबरोबर दामोदर अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले. आधी बनारस, मग अलीगढ आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज.

त्याच वर्षी त्यांचा भूमितीवरचा लेख जर्मनीतल्या नावाजलेल्या नियतकालिकात आला. फ्रान्सचे थोर गणिती कार्तान यांनी त्यावर लिहिलं, पुढे चर्न यांनी भर घातली. टेन्सरच्या भाषेत चालणारा हा सिद्धांत आजही कोसंबी-कार्तान-चर्न या नावानेच ओळखला जातो.

फर्ग्युसनमध्ये असतानाच त्यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन घटतं. त्या घटीवरून नाण्यांचा आगामागचा काळ लावता येतो. इतिहासात संख्याशास्त्र असं शिरलं.

१९४३ चा लेख मात्र ऐन महायुद्धात, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला. नंतर फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. पुस्तकांत नाव लागलं त्या दोघांचं. कोसंबींचं नाव त्यात जोडणारे अभ्यासक आता दिसतात, पण थोडे.

१९४५ साली होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते रुजू झाले. घर पुण्यात, नोकरी मुंबईत, येणं-जाणं डेक्कन क्वीनने. अणुऊर्जेपेक्षा सूर्याची ऊर्जा भारताला परवडेल, असं ते उघडपणे मांडत. अणुकार्यक्रमाचे प्रमुख भाभाच होते. पुढे दोघांत अंतर पडलं. १९६२ साली संस्थेने कोसंबींचा करार वाढवला नाही.

२९ जून १९६६ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ५८.

आज डेटा सायन्सच्या वर्गात चेहऱ्यांचे तक्ते असेच सुटे करून पुन्हा बेरजेने जोडतात. शिकवताना फळ्यावर कारहुनेन आणि लोएव्ह ही नावं येतात. तिथे तिसरं नाव लिहायला खडूची एक ओळ पुरते.