जखमा धुणारे हात

मुरलीधर देविदास आमटे ऊर्फ बाबा आमटे यांचा जन्म १९१४ साली हिंगणघाट येथे झाला. वकिली सोडून ते वरोरा येथे समाजकार्यात रमले. एकदा भर पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरोगी त्यांना दिसला. त्याच्या जखमांत किडे वळवळत होते. बाबा भयाने पळाले. पण त्या भयाचीच त्यांना लाज वाटली. ते परतले आणि त्यांनी तुळशीरामची अखेरपर्यंत शुश्रूषा केली.

पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. या रोगात मज्जातंतू निकामी होऊन पाय बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. रोगी त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत पोहोचते. म्हणून औषधाइतकीच जखमेची स्वच्छता, मलमपट्टी आणि पायाला विश्रांती आवश्यक असते.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा राहायला गेले. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये होते. पाण्यासाठी विहीरही त्यांनाच खणावी लागली. अशा परिस्थितीत बाबा स्वतःच्या हातांनी रुग्णांच्या जखमा धूत, पट्ट्या बांधत. बरे झालेल्यांना घरात जागा नव्हती. म्हणून बाबांनी त्यांना शेती आणि हस्तोद्योग दिले. हेच आनंदवन होय.

२००८ साली बाबांचे निधन झाले. ज्यांना समाजाने स्पर्शही नाकारला, त्यांना त्यांनी आधी स्पर्श दिला आणि मग स्वाभिमान.