रखमाबाई राऊत
डॉ. रखमाबाई राऊत (जन्म : मुंबई, २२ नोव्हेंबर १८६४, मृत्यू : २५ सप्टेंबर १९५५) या भारतात प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक होत्या. बालवयात संमतीविना झालेला विवाह मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून चाललेला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' हा खटला (१८८४–१८८८) भारतीय विवाह कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

बालपण व विवाह

रखमाबाईंचा जन्म सुतार समाजातील कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग यांचे त्या लहान असतानाच निधन झाले. या समाजात विधवाविवाहास मान्यता असल्याने आई जयंतीबाई यांनी पुढे मुंबईतील डॉक्टर व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी त्यांनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली होती.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. दादाजींनी घरजावई म्हणून राहून शिक्षण घ्यावे असे ठरले होते. परंतु ते शिक्षण सोडून आपल्या मामांकडे राहू लागले. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या व घरी अभ्यास करीत राहिल्या. त्या सासरी कधीही नांदल्या नाहीत.

खटला

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी केली आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा दाखल केला. काही जातींमध्ये रूढीने काडीमोड होत असे. परंतु हिंदू स्त्रीला न्यायालयाकडे घटस्फोट मागता येईल असा कायदा त्या काळी नव्हता. त्यामुळे रखमाबाईंना वकिलांची मदत मिळाली तरी ती दाव्याच्या बचावापुरतीच मर्यादित होती. विवाहसमयी आपण संमती देण्याच्या वयात नव्हतो, तसेच दादाजींची प्रकृती ठीक नाही आणि ते आपला योग्य सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बाजूने काम पाहणाऱ्या वकिलांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचा समावेश होता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा इंग्रजी कायद्यातून आलेला असून हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, आणि पतीसोबत कधीच न राहिलेल्या स्त्रीला त्यायोगे सक्तीने नांदावयास पाठविता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मात्र १८८६ मध्ये सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी अपील मान्य करून खटला फेरसुनावणीसाठी परत पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा आदेश दिला. आदेश न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद तत्कालीन दिवाणी प्रक्रिया संहितेत होती. पतीकडे जाण्यापेक्षा कारावास पत्करण्याची तयारी रखमाबाईंनी दर्शविली.

खटल्यावर देशात व इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. बेहरामजी मलबारी यांच्यासह अनेक सुधारकांनी रखमाबाईंना पाठिंबा दिला व त्यांच्या साहाय्यासाठी समिती स्थापन झाली. तर बाळ गंगाधर टिळक यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवर पत्रे लिहिली होती.

तडजोड

जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन आपला दावा सोडून दिला. रखमाबाईंची सुटका अशा प्रकारे न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर तडजोडीने झाली. कारावास टळला, परंतु ज्या प्रश्नासाठी त्या लढल्या, त्याचे उत्तर कायद्याने दिले नाही. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर त्यांनी विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र स्वीकारले.

वैद्यकीय कार्य

कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या भारतात परतल्या. सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे सेवा केली. निवृत्तीनंतर त्या मुंबईत राहिल्या.

वारसा

या खटल्यामुळे बालविवाह व स्त्रीची संमती हे प्रश्न सार्वजनिक चर्चेच्या केंद्रस्थानी आले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या पार्श्वभूमीत या चर्चेचाही वाटा होता. वैवाहिक हक्कांचा आदेश न पाळल्याबद्दलची कारावासाची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. हिंदू स्त्रीला न्यायालयातून घटस्फोट मागण्याचा अधिकार देशभर देणारा हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्यानंतर चार महिन्यांनी रखमाबाईंचे निधन झाले. त्याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद मात्र कायम ठेवण्यात आली.

त्यांच्या जीवनावर आधारित 'डॉक्टर रखमाबाई' हा मराठी चित्रपट अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केला.