विश्लेषण : ‘कियांती’ वाइनचे सूत्र ठरवणारे इटलीचे पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली कोण होते? त्यांच्या एका पत्रावरून शतकभराचा घोळ कसा झाला?

इटलीच्या तोस्काना प्रांतात फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याला कियांती म्हणतात. इथली लाल वाइन जगभर याच नावाने विकली जाते. ती कोणत्या द्राक्षांपासून करावी, याचे सूत्र एका राजकारण्याने घालून दिले असे मानले जाते. ते राजकारणी म्हणजे एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान बॅरन बेत्तिनो रिकासोली. मात्र त्यांच्या नावावर पुढे जो नियम रूढ झाला, तो त्यांनी लिहिलेल्या गोष्टीशी पुरता जुळत नव्हता. त्याची किंमत कियांतीला विसाव्या शतकात मोजावी लागली.

कर्जाचा वारसा

रिकासोली यांचा जन्म ९ मार्च १८०९ रोजी फ्लोरेन्सचा. घराणे जुने, सरदारी. सिएनाच्या ईशान्येला गायोले गावाजवळचा ब्रोलिओ किल्ला आणि त्याभोवतीची जमीन ११४१ पासून या घराण्याकडे होती. पण बेत्तिनो यांच्या वाट्याला आले ते मुख्यतः कर्ज. वडील गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते. पाठोपाठ किशोरवयात आईही गेली. मागे दोन धाकटे भाऊ होते. कायद्याने सज्ञान व्हायला अजून अवकाश होता, पण मालमत्ता हातची जायची वेळ आली होती. तेव्हा तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकच्या खास हुकुमाने अठराव्या वर्षीच त्यांना सज्ञान ठरवण्यात आले आणि कारभार त्यांच्याकडे आला.

१८३० मध्ये त्यांचा विवाह आन्ना बोनाक्कोर्सी यांच्याशी झाला. त्या दशकाच्या अखेरीस रिकासोली यांनी फ्लोरेन्समधले सुखवस्तू जीवन सोडून ब्रोलिओला मुक्काम हलवला. याची एक दंतकथा तोस्कानात आवडीने सांगतात. फ्लोरेन्समधल्या एका नृत्यसमारंभात पत्नीबरोबर एक तरुण जरा जास्तच वेळ नाचला. बॅरन काही न बोलता पत्नीला घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी गाडीवानाला घराऐवजी थेट ब्रोलिओचा रस्ता धरायला सांगितले. थंडीच्या रात्री, समारंभाच्याच कपड्यांत दोघे डोंगरातल्या त्या किल्ल्यात पोहोचले आणि पुढे तिथलेच झाले. गोष्ट रंगतदार आहे आणि बॅरनच्या करड्या स्वभावाला शोभणारीही. पण खर्च आटोक्यात आणायचा तर जमिनीवर जाऊन राहण्याला पर्याय नव्हता, हे कारण अधिक पटणारे आहे. त्या मुक्कामाची किंमत पत्नीने एकांतवासाने मोजली, एवढे मात्र खरे. १८५२ मध्ये आन्ना यांचे निधन झाले. दोघांना एकच अपत्य होते, कन्या एलिझाबेत्ता.

निम्म्या वाट्याची शेती

त्या काळी तोस्कानातली बहुतेक शेती मेझाद्रिया पद्धतीने चाले. जमीन आणि घर मालकाचे, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ही व्यवस्था. वेली स्वतंत्र बागेत नसत. गहू, ऑलिव्ह आणि वेली एकाच शेतात असत. वेली बांधावरच्या झाडांवर चढवलेल्या असत. कुळाला वर्षभराचे पोट भरायचे असल्याने त्याचा ओढा जास्त पीक देणाऱ्या वाणांकडे असे. त्रेब्बियानो हे पांढरे द्राक्ष अशापैकी. घडांनी लगडणारे, पण चवीला बेताचे. लाल आणि पांढरी द्राक्षे एकत्रच तोडली जात, एकत्रच आंबवली जात. वाइन वर्षभरात संपली तर ठीक, नाही तर बिघडे.

रिकासोली यांनी कुळांसाठी कडक नियम केले. कामाच्या वेळा, जमिनीची मशागत, मुलांचे शिक्षण, रविवारची प्रार्थना, कशातही ते लक्ष घालत. कुळांना धर्माचे धडेही ते स्वतः देत. शिस्तीच्या या हव्यासामुळे पुढे त्यांना ‘लोहबॅरन’ म्हटले गेले. त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नसणार. पण हाच माणूस तळघरात मात्र हुकूम सोडण्याऐवजी प्रयोग करत बसला, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गंमत आहे.

कोणते द्राक्ष काय करते?

ब्रोलिओच्या जमिनीत दोन प्रकार ठळक आहेत. एक ठिसूळ, पापुद्र्यांसारखा सुटणारा गालेस्त्रो आणि दुसरा चुनखडीचा कठीण दगड, आल्बेरेझे. उतार, उंची आणि अशी जमीन असूनही वाइन हलक्या दर्जाची का, हा रिकासोली यांचा प्रश्न होता. १८५१ मध्ये ते फ्रान्सला गेले आणि तिथल्या द्राक्षबागा आणि तळघरे त्यांनी पाहिली. बोर्दोसारख्या भागात बागा स्वतंत्र होत्या आणि वाण निवडून लावलेले होते. तिथली वाइन जहाजाने दूर जाऊनही टिकत होती. इटलीची वाइन मात्र आपल्याच गावच्या खानावळीपुरती होती.

ब्रोलिओमध्ये त्यांनी एकेका वाणाची वाइन वेगळी करून पाहिली. मग वेगवेगळ्या प्रमाणांत मिश्रणे केली आणि ती वर्षानुवर्षे ठेवून चाखली. हे काम तीसेक वर्षे चालले. त्यातून तीन वाण उरले.

पहिले सांजोव्हेजे. रिकासोली त्याला तिथल्या बोलीत सांजोव्हेतो म्हणत. उशिरा पिकणारे, आंबटपणा चांगला राखणारे आणि सालीतून तुरटपणा देणारे हे लाल द्राक्ष. वाइनला सुगंध आणि जोम याच्यामुळे येतो. पण एकटे असले तर, विशेषतः थंड वर्षी, ते कडक लागते. दुसरे कानायोलो. हेही लालच, पण मऊ. सांजोव्हेजेचा कडकपणा ते कमी करते. तिसरे माल्व्हासिया, सुवासिक पांढरे द्राक्ष. त्याने वाइन हलकी होते आणि लवकर पिण्याजोगी बनते.

यातला क्रम महत्त्वाचा. अठराव्या शतकातल्या तोस्कानातल्या लेखनात कियांतीच्या मिश्रणात कानायोलोला प्रमुख जागा दिसते. सांजोव्हेजेला अग्रस्थानी आणणे हा रिकासोली यांचा बदल. आज मध्य इटलीच्या बहुतेक नामांकित लाल वाइनचा कणा हेच द्राक्ष आहे. महाराष्ट्रालाही ते परके राहिलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात इटालियन भागीदारीतून उभ्या राहिलेल्या वायनरीने ते लावले असून, कॅबर्ने सोव्हिन्योबरोबर त्याचे मिश्रण केले जाते.

तळघरातून पंतप्रधानपदापर्यंत

हे प्रयोग सुरू असतानाच रिकासोली राजकारणात ओढले गेले. १८४७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ला पात्रिया’ हे वृत्तपत्र काढले आणि १८४८ मध्ये ते फ्लोरेन्सचे नगरप्रमुख झाले. खरी कसोटी १८५९ ची. एप्रिलमध्ये ग्रँड ड्यूक लिओपोल्ड दुसरे तोस्काना सोडून गेले. राज्याची सूत्रे लवकरच रिकासोली यांच्या हाती आली. युरोपातल्या मोठ्या सत्तांना तोस्काना वेगळा ठेवण्यात रस होता. रिकासोली मात्र सार्डिनियाच्या राज्यात विलीन होण्याच्या भूमिकेवरून तसूभरही हलले नाहीत. मार्च १८६० च्या सार्वमतात साडेतीन लाखांहून अधिक मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली, तर विरोधात पंधरा हजारही नव्हती.

जून १८६१ मध्ये पहिले पंतप्रधान काव्हूर यांचे अचानक निधन झाले आणि अवघ्या काही महिन्यांच्या इटलीचा कारभार रिकासोली यांच्याकडे आला. योगायोग असा की काव्हूरही जमीनदार आणि द्राक्षबागायतदार होते. पिएमाँतमधील बारोलो वाइनच्या इतिहासात त्यांचेही नाव घेतले जाते. रिकासोली यांचे राजे व्हिक्टर इमॅन्युएल दुसरे यांच्याशी जमले नाही. मुत्सद्देगिरीला लागणारी लवचिकता त्यांच्यात नव्हती, आणि ती आणण्याची इच्छाही नसावी. मार्च १८६२ मध्ये ते पायउतार झाले. जून १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू होताना ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्याच काळात व्हेनिसचा प्रदेश इटलीला मिळाला. एप्रिल १८६७ मध्ये चर्च आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांच्या वादात दुसरी कारकीर्दही संपली. त्यानंतर त्यांचा ओढा पुन्हा ब्रोलिओकडेच राहिला.

१८७२ च्या पत्रात काय होते?

२६ सप्टेंबर १८७२ रोजी रिकासोली यांनी पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहिले. कियांतीचे सूत्र म्हणून ओळखले जाते ते हेच. वर सांगितलेले तिन्ही वाणांचे गुण त्यात आहेत. शिवाय एक स्पष्ट अट आहे. माल्व्हासियाचा उपयोग रोजच्या जेवणाबरोबर ताजी प्यायच्या वाइनला होतो. जी वाइन वर्षानुवर्षे ठेवायची, तिच्यात तो टाळता येईल. म्हणजे रिकासोली यांनी दोन वेगळ्या वाइन डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. दोन्हींत मुख्य सांजोव्हेजेच, पांढरे द्राक्ष मात्र फक्त एकीत.

सत्तर टक्के सांजोव्हेजे, वीस टक्के कानायोलो आणि दहा टक्के माल्व्हासिया असे गणित त्यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. आकडा लक्षात राहतो, अट विसरली जाते. नेमके तेच झाले.

मग गोंधळ कुठे झाला?

२३ ऑक्टोबर १८८० रोजी रिकासोली यांचे ब्रोलिओमध्ये निधन झाले. तोवर कियांती नावाला बाजारात किंमत आली होती. त्यामुळे मूळ डोंगरपट्ट्याबाहेरची वाइनही त्या नावाने विकली जाऊ लागली. मूळ भागाच्या सीमा खरे तर १७१६ मध्येच मेदिची घराण्याचे ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरे यांनी हुकुमाने आखल्या होत्या. मूळ पट्ट्यातील उत्पादकांनी १९२४ मध्ये संघ स्थापन केला, त्याचे चिन्ह काळा कोंबडा. तरी १९३२ मध्ये सरकारने कियांतीचा प्रदेश अधिकृतपणे बराच वाढवला आणि जुन्या भागाला ‘क्लासिको’ असे वेगळे नाव मिळाले.

पुढे १९६७ मध्ये कियांतीला कायदेशीर मानांकन देताना रिकासोली यांच्या परंपरेचा आधार घेतला गेला. पण नियमाने १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली, अगदी टिकाऊ वाइनमध्येही. त्यातही सुवासिक माल्व्हासियाबरोबर त्रेब्बियानोला मोकळी वाट दिली. कुळांच्या काळात पोटासाठी लावलेले द्राक्ष आता कायद्याने परंपरा ठरले. त्याच सुमारास मेझाद्रिया मोडत होती, कुळे शहरांकडे चालली होती, आणि नव्या बागांत दर्जापेक्षा उत्पन्न देणारी रोपे लावली जात होती. गवताच्या विणीत बसवलेल्या गोल बाटलीतली स्वस्त, पातळ वाइन हीच मग जगभर कियांतीची ओळख झाली.

याला वैतागून काही उत्पादकांनी थेट नियम मोडले. आंतिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो ही वाइन १९७१ च्या हंगामापासून कियांतीचे नाव टाकून बाजारात आली आणि १९७५ पासून तिच्यात पांढरे द्राक्ष राहिले नाही. कायद्याच्या लेखी ती साधी ‘टेबल वाइन’ होती, किमतीने मात्र मानांकित कियांतीला मागे टाकत होती. चांगली वाइन करायची तर लेबलवरचे कियांती हे नाव सोडायचे, अशी उलटी वेळ आली होती.

नियम कसे बदलले?

१९८४ मध्ये क्लासिकोसाठी पांढऱ्या द्राक्षांची सक्ती दोन टक्क्यांवर आली. १९९६ मध्ये निव्वळ सांजोव्हेजेच्या वाइनलाही क्लासिको म्हणवण्याची मुभा मिळाली. २००६ च्या हंगामापासून क्लासिकोमध्ये पांढरी द्राक्षे पूर्ण बंद झाली. आता तिच्यात किमान ८० टक्के सांजोव्हेजे लागते. दरम्यान, काही काळ बाहेरच्या कंपन्यांकडे गेलेला ब्रोलिओचा वाइन व्यवसाय १९९३ मध्ये रिकासोली कुटुंबाकडे परतला.

क्लासिकोबाहेरच्या मोठ्या प्रदेशातल्या साध्या कियांतीत मात्र दहा टक्क्यांपर्यंत पांढरी द्राक्षे आजही चालतात, पण ती सक्तीची नाहीत. ही कियांती बहुतांशी रोजच्या जेवणाबरोबर, लवकर पिण्यासाठी असते. ठेवण्याच्या वाइनमध्ये पांढरे द्राक्ष नाही आणि रोजच्या वाइनमध्ये हवे तर घाला, अशी ही विभागणी १८७२ च्या पत्रात होती, जवळपास तशीच.