ट्रंकेतला कवी

बंगाली कवी म्हटलं की आपली गाडी टागोरांच्या पुढे सरकतच नाही. मला सांगायचंय ते जीवनानंद दास यांच्याबद्दल. टागोरांनंतरचे सर्वांत मोठे बंगाली कवी म्हणून आज त्यांचं नाव घेतात. हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला आली ती बेकारी आणि टिंगल!

जन्म १८९९ चा, आज बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. आई कुसुमकुमारी स्वतः कवयित्री. इंग्रजीत एम.ए. करून १९२२ मध्ये ते कलकत्त्याच्या सिटी कॉलेजात लेक्चरर झाले. १९२८ मध्ये ती नोकरी गेली. मग थोडे दिवस दिल्लीच्या रामजस कॉलेजात काढले, १९३० मध्ये लग्न झालं आणि त्यानंतर १९३५ पर्यंत धड नोकरी नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत हे वाचलं तर पोटात गोळाच येतो! त्यात 'शनिबारेर चिठि' हे मासिक त्यांच्या कवितांची टर उडवायचं. माणूस भिडस्त, भांडायला गेला नाही. बुद्धदेव बसूंसारखे मोजके लोक तेवढे पाठीशी उभे राहिले.

पण याच बेकारीत ते वह्यांमागून वह्या भरत होते. कविता, कथा, चक्क कादंबऱ्यासुद्धा! यातलं कितीतरी त्यांनी छापायलाच दिलं नाही, ट्रंकेत ठेवून दिलं. टिंगलीची धास्ती हे एक कारण असावं, असं आपलं मला वाटतं.

१९३५ मध्ये बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात नोकरी लागली. हे त्यांचं स्वतःचं जुनं कॉलेज. 'बनलता सेन' ही आज बंगालीत घरोघरी माहीत असलेली कविता त्याच वर्षीची. पण फाळणीच्या सुमारास बारिसाल कायमचं सुटलं आणि कलकत्त्यात पुन्हा नोकरीची वणवण सुरू झाली.

१४ ऑक्टोबर १९५४ च्या संध्याकाळी त्यांना ट्रामने धडक दिली. २२ तारखेला ते हॉस्पिटलमध्ये गेले. वय ५५. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९५५ मध्ये, म्हणजे मेल्यावर!

मग ट्रंका उघडल्या. १९३४ मध्ये बारिसालच्या नद्या-शेतांवर लिहिलेल्या कविता 'रूपसी बांगला' नावाने १९५७ मध्ये आल्या. 'माल्यवान' ही कादंबरी यायला १९७३ उजाडलं. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या उशाशी बसणाऱ्या पोरांत भूमेंद्र गुहा नावाचा मेडिकलचा विद्यार्थी होता. पुढे हे गुहा सर्जन झाले, आणि ऑपरेशनं सांभाळून २०१५ मध्ये वारेपर्यंत त्या वह्यांतलं बारीक अक्षर लावत बसले.