घाट बांधणारी माउली : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

वाटेने चालून आलेल्या माणसाला सावलीचे, पाण्याचे आणि घाटाच्या पायरीचे मोल सांगावे लागत नाही. ऊन डोक्यावर घेऊन दोन कोस चाललेला यात्रेकरू विहिरीच्या काठी टेकतो, देवाचे नाव घेतो, ओंजळभर पाणी पितो आणि पुढे निघतो. ती विहीर कोणी बांधली, हे तो विचारीत नाही. बांधणाऱ्यानेही ते नावासाठी बांधलेले नसते. हिंदुस्थानातल्या तीर्थांच्या वाटांवर अशी कामे एका मराठी बाईने इतकी केली, की तिचे चरित्र आम्हां यात्रेकरूंना माहीत असलेच पाहिजे. ती बाई म्हणजे अहिल्याबाई होळकर.

जामखेडजवळचे चौंडी हे त्यांचे गाव. वडील माणकोजी शिंदे हे तिथले पाटील. घराणे धनगराचे. १७२५ च्या मे महिन्यात त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी या मुलीला चौंडीच्या देवळात पाहिले आणि सून म्हणून पसंत केले, असे सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्या काळी मुलीच्या हाती पाटी कोण देणार? पण ही मुलगी लिहायला वाचायला शिकली, हिशेब शिकली. सासऱ्याची स्वारी बाहेर असली की मागचा कारभार सून पाही. पुढे पुढे तर मल्हारराव सुनेला पत्रे धाडीत ती तोफांची, दारूगोळ्याची आणि कूच करण्याची. सासूबाई गौतमाबाईंचाही या घरात मोठा अधिकार होता. अशा दोन जाणत्या माणसांच्या हाताखाली त्या तयार झाल्या.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. त्या सती जायला निघाल्या. म्हातारे मल्हारराव डोळ्यांत पाणी आणून आडवे आले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या दौलतीचे आणि रयतेचे कसे व्हायचे, अशा भावाने त्यांनी सुनेला विनवले. बाई थांबल्या. लोक काय म्हणतील ही धास्ती त्या काळच्या बाईला केवढी असेल, पाहा बरं! चितेवर चढणे हे तेव्हा मोठे पुण्य मानीत. मागे राहून जगणे ही हलकी गोष्ट होती. बाईंनी ती हलकी मानलेली वाट धरली आणि पुढची एक्केचाळीस वर्षे चालून ती थोर करून दाखवली.

१७६६ साली मल्हारराव गेले. अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव गादीवर आले, पण वर्षाच्या आतच, १७६७ साली, तेही वारले. नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी मसलत काढली, की एखादे मूल दत्तक घ्यावे आणि बाईंनी देवधर्म करीत बसावे. राघोबादादा पेशवे त्यांना सामील झाले आणि फौज घेऊन निघाले. देवधर्म करीत बसणे बाईंना काय जड होते? त्यांचा ओढा तिकडेच होता. पण देवाच्या नावाखाली आपल्या हातून रयत काढून घेतली जात आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी सरदारांना पत्रे लिहिली, फौज सज्ज केली आणि पुण्याला थोरल्या माधवरावांकडे दाद मागितली. माधवरावांनी कौल बाईंच्या बाजूने दिला. लढाई न होताच दादा माघारी वळले. बाईंनी फौजेचे काम तुकोजी होळकरांवर सोपवले आणि नर्मदाकाठी महेश्वरास राहून मुलकी कारभार स्वतः पाहिला. तो त्यांनी अठ्ठावीस वर्षे केला.

त्यांचा दिवस कसा जाई? पहाटेच्या आधी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत दरबार. संध्याकाळी पुन्हा पूजा आणि फराळ, आणि रात्री परत कागदपत्र. दरबारात पडदा नव्हता. कोणीही यावे आणि आपले गाऱ्हाणे सांगावे. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करून खजिना भरण्याची संधी कारभाऱ्यांना दिसे. बाईंनी तसे होऊ दिले नाही. ज्याचे त्याला राहू दिले. सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या रानात भिल्लांचा उपद्रव होता. काही हट्टी पुंडांना त्यांनी जबर शासन केले. पण एवढ्याने भागत नाही, हे त्या जाणून होत्या. वाटसरूंकडून भिलकवडी नावाची लहानशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला, आणि त्याच्या बदल्यात रस्त्याची राखण त्यांच्याच गळ्यात घातली. आपल्या हद्दीत चोरी झाली तर जबाबदारी भिल्लांची! लुटणाराच राखणदार झाला, आणि व्यापारी नि यात्रेकरू त्या वाटेने निर्धास्त जाऊ लागले.

आता त्यांच्या धर्मकार्याविषयी. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंना खासगी म्हणून वेगळे उत्पन्न लावून दिले होते. १७६१ साली गौतमाबाई वारल्यावर ते अहिल्याबाईंकडे आले. देवळे, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी मुख्यत्वे या खासगीतून केला. राज्याचा पैसा वेगळा, देवाचा वेगळा. हा चोख हिशेब आम्हांला त्यांच्या देवळांइतकाच पवित्र वाटतो. काशीला विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी पुन्हा उभे केले. सोमनाथास १७८३ साली मूळ देवळाच्या जवळ नवे देऊळ बांधले. गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचे घाट, कुठे धर्मशाळा तर कुठे बारव. बाईंचे राज्य माळव्यात, पण काम चहूकडे पसरले. पंढरीसही होळकर वाडा आणि त्यातले राममंदिर त्यांची आठवण देते. उन्हाळ्यात वाटेवर पाणपोया, थंडीत गरिबांना पांघरुणे. महेश्वराभोवतीच्या शेतांत भर दुपारी औत थांबवून त्यांची माणसे बैलांना पाणी पाजीत. पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून त्यांनी उभी पिके विकत घेऊन राखली. सावता महाराजांना मळ्यात देव दिसला. या बाईंना तो तहानलेल्या बैलात दिसला, असेच म्हणावे लागेल.

केवळ बांधकामच त्यांना सुचत होते असे नाही. महेश्वरास त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा अशी हलकी, नाजूक काठांची महेश्वरी साडी तिथे नावारूपास आली. किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी आणि नर्मदेच्या लाटा त्या काठांत उतरल्या. पुढे हा धंदा मोडकळीस आला, तेव्हा १९७९ साली होळकरांच्या वंशजांनी रेवा सोसायटी काढून त्याला पुन्हा उभारी दिली. बाईंनी लावलेल्या मागांवर आजही अनेक घरांची चूल पेटते. संगमनेरच्या अनंतफंदी शाहिराने त्यांच्या सांगण्यावरून तमाशाचा फड सोडून कीर्तन धरले, अशीही कथा आहे. स्तुतीचे मात्र त्यांना वावडे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या योग्यतेच्या नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत सोडायला लावला.

इतके करणाऱ्या या माउलीला एक गोष्ट मात्र जमली नाही. लेकीचे नाव त्यांनी मुक्ताबाई ठेवले होते. ज्ञानोबारायांच्या बहिणीचे हे नाव आम्हां सर्वांच्या ओठी असते. तिचा मुलगा आधी वारला, आणि १७९१ साली तिचे पती यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. सदतीस वर्षांपूर्वी जे मल्हाररावांनी सुनेला विनवले, तेच आता आई लेकीला विनवू लागली. मी एकटी राहीन गं, थांब. मुक्ताबाई थांबली नाही. नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा दोघांनी बाईंना धरून ठेवले होते. दुःखाच्या भरात त्यांनी आवरता न आलेल्या हातांना दात लावले, असे सांगतात. तीन दिवस त्या जवळजवळ उपाशी होत्या, तोंडून शब्द नाही. अहो, ज्या बाईने पेशव्यांची फौज परत फिरवली, तिला आपल्या लेकीचे पाऊल फिरवता आले नाही. जुनी रूढी राजदंडापेक्षा बळकट ठरली. लेकीच्या आठवणीसाठी त्यांनी सुंदर वास्तू बांधली, आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या. गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसे बाहेर ताटकळत होती ना!

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तर वर्षांच्या होऊन, महेश्वरास त्यांनी देह ठेवला. ज्या जिल्ह्यात चौंडी आहे, त्या अहमदनगर जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. नाव द्यावे तेवढे थोडेच. पण नावाचा ग्रंथ नदीत सोडणारी ही बाई, तिला आपण तिच्या रीतीनेच आठवावे हे बरे. आमच्या दिंडीत पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या, आजारी म्हातारीचे गाठोडे आपल्या डोक्यावर घेणाऱ्या, भिशीचा हिशेब पै-पैसा चोख ठेवणाऱ्या मायबहिणी आहेत. त्यांना कोणी पुढारी म्हणत नाही, पण दिंडी चालते ती त्यांच्यावर. त्यांच्या कामाला मान द्यावा, त्यांचा शब्द सभेत ऐकावा, आणि घरात एखादीवर दुःख कोसळले तर तिला कोपऱ्यात न बसवता कामाला, माणसांत, वारीत ओढून आणावे. मल्हाररावांनी एका सुनेला थांबवले, म्हणून काशीपासून पंढरीपर्यंत इतक्या पायऱ्या आमच्या पायांखाली आल्या.